परीक्षेचें इंग्रजी : मॅट्रिकपासून गोवंडीपर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि दोनच वर्षांनीं, १८५९ सालीं, त्याची पहिली प्रवेशपरीक्षा घेण्यांत आली. हिलाच पुढें घरोघर मॅट्रिक हें नांव पडलें. त्या पहिल्या परीक्षेंत उतरलेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. याच दोघांनीं बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक यांच्यासह १८६२ सालीं विद्यापीठाची पहिली बी. ए. पदवी मिळविली.

मॅट्रिक ही नांवाला सर्व विषयांची, पण वस्तुतः इंग्रजीची परीक्षा होती, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें कित्येक दशकें इतिहासाचें उत्तरही इंग्रजींतच लिहावें लागे; तेव्हां ज्याचें इंग्रजी लंगडें, त्याचा इतिहासही लंगडाच ठरे. वरच्या परीक्षांतून तर मराठी १८६० नंतरच्या दशकांत बाहेरच पडली, आणि ती परत यावी म्हणून रानड्यांनीं आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली. इंग्रजींतून सर्वांत उत्तम रीतीनें पार पडलेल्या माणसालाच मराठीची उणीव इतकी जाणवावी, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु शाळेच्या वर्गांत मराठी शिल्लक होती, आणि ती इंग्रजीच्याच तासाला उपयोगीं पडत होती. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं आजोबांच्या पेटींत तर्खडकरांची भाषांतरपाठमाला निघेल. पाठाच्या आरंभीं थोडे शब्द, मग मराठींतून सांगितलेला नियम, आणि नंतर इंग्रजीचें मराठी व मराठीचें इंग्रजी करावयाचीं वाक्यें, अशी तिची रचना. वाक्यें बहुधा रूक्ष व एकमेकांशीं संबंध नसलेलीं. तथापि त्यांतून मुलाला एक गोष्ट कळे, ती अशी कीं, इंग्रजींत आपण चुकतों तें बहुधा मराठी जेथें वेगळ्या वाटेनें जाते तेथेंच चुकतों.

दुसरी परंपरा रेन व मार्टिन यांच्या व्याकरणाची. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत कांहीं वर्षें नोकरीस होते. फ्रेंचांच्या परकीय पलटणीवरील कादंबऱ्यांमुळें त्यांना जगभर कीर्ति मिळाली, पण हिंदुस्थानांत त्यांचें नांव टिकलें तें या व्याकरणामुळें. पुस्तक भरघोस आहे, यांत शंका नाहीं. मात्र तें साऱ्या देशासाठीं असल्यामुळें त्यांत मराठीचा आधार नाहीं. नियम इंग्रजींत, उदाहरण इंग्रजींत, आणि चुकीचें कारण कोठेंच नाहीं.

स्वातंत्र्यानंतर वारें पालटलें. खेर मंत्रिमंडळाच्या काळांत इंग्रजी आठव्या इयत्तेपासून सुरू करण्याचें ठरलें. १९४९ पासून मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेनें घेतली. पुढें लंबक उलटा फिरला आणि २००० सालीं महाराष्ट्रांत पहिलीपासून इंग्रजी आलें. इतक्या उलथापालथींत भाषांतराचा तास मात्र नाहींसा झाला. त्याच सुमारास दीर्घ उत्तरांऐवजीं चार पर्यायांतील एकावर खूण करावयाच्या परीक्षा सर्वत्र रूढ झाल्या.

अशी एक परीक्षा गोवंडीच्याच नांवाशीं जोडली गेली. १९३६ सालीं नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें. १९४४ सालीं तें टाटा समाजविज्ञान संस्था झालें आणि १९५४ सालीं देवनारला, गोवंडी स्थानकापासून थोड्याच अंतरावर, आलें. संस्थेच्या प्रवेशपरीक्षेंत शंभर मिनिटांत शंभर प्रश्न सोडवावे लागत व त्यांतील तीस इंग्रजीचे असत. महानगरपालिकेच्या २००९ च्या मानवविकास अहवालांत ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक शेवटचा लागला, त्याच विभागांत गोवंडीच्या वस्त्या आहेत आणि ही संस्थाही आहे. समाजाचें दुःख अभ्यासण्यासाठीं देशभरांतून विद्यार्थी येथें येतात. पण कुंपणापलीकडच्या पालिका-शाळेंतून शिकलेल्या मुलीला आंत यावयाचें तर ह्या तीस प्रश्नांची वेस ओलांडावी लागे. २०२४ पासून संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीं केंद्रीय सामायिक परीक्षेचे गुण घेतले जाऊं लागले. भाषा राहिली, गणित बदललें. जुन्या परीक्षेंत चुकीबद्दल गुण कापत नसत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडणें हा वेडेपणा होता. नव्या परीक्षेंत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्याला १ वजा. डोळे मिटून खूण केली तर चार प्रश्नांत सरासरीनें एकदां ४ मिळतात व ३ जातात, हातीं राहतो १. पण एक पर्याय खात्रीनें खोडतां आला, तर तीन प्रश्नांत ४ मिळून २ जातात आणि हातीं २ राहतात.

ही खोडण्याची खात्री कोठून यावी? शिकवणीवर्गांत नियमांच्या याद्या पाठ करवितात. मातृभाषेंत मात्र त्याहून जवळची वाट आहे. कर्त्याचें व क्रियापदाचें वचन जुळविण्याचा प्रश्न घ्या. 'द बॉक्स ऑफ मँगोज' यापुढें 'इज' कीं 'आर'? जवळचा शब्द आंबे, म्हणून मूल 'आर'वर खूण करतें. तेंच वाक्य मनांत मराठींत म्हणावें : आंब्यांची पेटी आली. 'आले' असें कोणी म्हणत नाहीं. क्रियापद पेटीचें, म्हणून 'इज'. गोवंडींतील उर्दू शाळेंतल्या मुलालाही हा उपाय लागू पडतो, कारण तोही 'आमों की पेटी आई' असेंच म्हणतो. मात्र 'रामानें पोळी खाल्ली' येथें आपलें क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागें जातें, इंग्रजीचें तसें कधींच जात नाहीं. तेथें सावध राहावें.

'अ' आणि 'अन' यांचा नियम तर देवनागरीच सोडवून देते. स्वराची अक्षरें पाठ करणारें मूल 'अवर' या शब्दापुढें हमखास चुकतें, कारण इंग्रजींत त्याचें पहिलें अक्षर व्यंजन आहे. पण शब्द देवनागरींत लिहिला कीं आरंभीं अ दिसतो, म्हणून 'अन अवर'. आणि 'युनिव्हर्सिटी' य पासून सुरू होतें, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. नियम उच्चाराचा आहे, आणि आपली लिपि उच्चारच लिहिते.

काळाच्या बाबतींत मात्र मातृभाषा फसविते. 'ती तीन वर्षें गोवंडींत राहते' यांत मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला 'हॅज लिव्हड' किंवा 'हॅज बीन लिव्हिंग' लागतें, आणि पुढें मुदत असेल तर 'फॉर', आरंभाचें साल असेल तर 'सिन्स'. तसेंच दुसऱ्याचें बोलणें सांगतांना. 'तो म्हणाला, कीं मी उद्यां येतों' हें वाक्य मराठींत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतें. इंग्रजींत 'दॅट' आला कीं 'मी'चा 'तो' होतो, 'येतों'चें 'वुड कम' होतें, आणि 'उद्यां'चा 'दुसरा दिवस' होतो. तीन ठिकाणीं बदल, आणि परीक्षक बहुधा त्यांतला एकच चुकवून ठेवतो. तो शोधावयाचा तर आधीं पुरुष, मग काळ, मग वेळ, या क्रमानें पाहावें. मिनिटाच्या आंत काम होतें.