कूतच्या खंदकातली पत्रकं

पहिलं महायुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्स येतो. पण आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने लढली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथल्या कूत-अल-अमारा गावात ७ डिसेंबर १९१५ ला जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. आत तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७.

तुर्कांनी गोळ्यांबरोबर कागदही पाठवले. बगदादच्या सरकारी छापखान्यात हिंदुस्थानी भाषांत छापलेली पत्रकं. म्हणणं एकच : गोऱ्या अधिकाऱ्यांना मारा, आमच्याकडे या, पगार जास्त देऊ, जमीन देऊ.

लिहिणारा हुशार होता हं! आमच्या मार्गासनीच्या बाजूला डोंगरउतारावर भाताची चार खाचरं, त्यात भावकीचे वाटे. अशा घरांतली पोरं पलटणीत जायची ती पगारासाठी. त्यांना जमीन दाखवायची म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट. पण १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम सहा जण साक्षर होते. म्हणजे एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असंच झालं असणार.

खरं आमिष भुकेचं होतं. घोड्याचं मांस खायला हिंदी शिपाई तयार नव्हते. धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी कित्येकांनी एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. शेवटी माणशी पीठ उरलं दिवसाला चार-पाच औंस.

काही जण फुटले, पलटणी मात्र फुटल्या नाहीत. इंग्रज याला राजनिष्ठा म्हणत. मला ते फारसं पटत नाही. शेजारच्या खंदकात आपल्याच गावचा माणूस असताना पळून जायचं, तर उद्या गावात तोंड कसं दाखवणार?

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं, सुमारे तेरा हजार जण कैद झाले. जमीन देऊ म्हणणाऱ्यांनी त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. शेकड्यांनी मेले. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाली कैदी त्यातून वाचला, त्याचं 'अभि ले बगदाद' १९५७ साली आलं.

आणि इंग्रजांनी काय केलं? बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, अगदी हिंदी अधिकाऱ्यांचीसुद्धा. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा.