शिलालेख आणि धूळपाटी

मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणाऱ्याचे लक्ष प्रथम स्तंभशीर्षांवरील हत्तींकडे जाते; स्तंभांवरचे ब्राह्मी लेख पुष्कळदा नजरेतून सुटतात. स्तंभ कोणी दिला, दाता कोठला, एवढाच बहुतेक लेखांचा मजकूर. धेनुकाकट हे गावाचे नाव त्यांत वारंवार येते. सुमारे दोन हजार वर्षे ही नोंद टिकून आहे. कितीही वेळा वाचली तरी ती पुसली जात नाही.

संगणकाच्या ज्या भागाला आपण ‘मेमरी’ म्हणतो, त्याचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. तिचे नाते शिलालेखाशी नसून आपल्या जुन्या शाळांतील धूळपाटीशी आहे. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे. पाटी जेवढी मोठी, तेवढा हिशोब एका वेळी मांडता येणार.

आपल्याकडची आरंभीची अशी एक पाटी मुंबईत तयार झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला; १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याची स्मृती आरंभी १,०२४ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. बारीक फेराइट कड्यांच्या चुंबकत्वात ही नोंद राही. गंमत अशी, की कडी वाचताच तिच्यातील नोंद पुसली जाई. म्हणून वाचलेले लगेच पुन्हा लिहावे लागे. एकूण क्षमता आजच्या हिशोबाने ५ किलोबाइट. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे प्रस्तुत लेखही त्या स्मृतीत मावला नसता.

पुढे कड्यांची जागा अर्धवाहकांनी घेतली. रॉबर्ट डेनार्ड यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘डीरॅम’मध्ये प्रत्येक बिट म्हणजे सूक्ष्म विद्युतभार. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली आणि हा प्रकार रुळला. फेराइटची कडी वीज गेल्यावरही नोंद राखी. इथे मात्र भार आपोआप गळतो. डीडीआर४ मध्ये साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सारे पुन्हा भरावे लागते. वीज गेली की पाटी कोरी.

आज ८ गिगाबाइटची एक पट्टी आरंभीच्या टिफ्रॅकच्या सोळा लाखांहून अधिक पट सामावून घेते. तरीही निवडीचा प्रश्न संपलेला नाही. तो आकड्याकडून जुळणीकडे सरकला आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंच्या पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. मदरबोर्ड ज्या पिढीचा, पट्टीही त्याच पिढीची हवी. १६ गिगाबाइटच्या एका पट्टीपेक्षा ८ च्या दोन सारख्या पट्ट्या बहुधा सरस ठरतात, कारण दोन मार्गांनी एकाच वेळी ये-जा होते. चार खोबणी असतील, तर त्या प्रोसेसरपासून बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवतात. मदरबोर्डची पुस्तिका पाहावी हे उत्तम. वेष्टनावर छापलेला वेग पुष्कळदा बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ वा ‘एक्सपो’ चालू केल्यावाचून मिळत नाही.

हे सारे केल्याने काम वेगाने होईल, जपले मात्र जाणार नाही. प्रबंध, पोथ्यांची छायाचित्रे, शिलालेखांची वाचने हाताळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. ‘मेमरी वाढवली’ म्हणून निर्धास्त होणाऱ्याने पाटी मोठी केलेली असते. नोंद कोरण्यासाठी डिस्क आणि तिच्या प्रतीच लागतात.