तीन वर्षांनंतरची किंमत

अमेरिकेत नव्या हायब्रिड गाडीच्या लीजची जाहिरात ठरावीक साच्याची असते. महिन्याचा हप्ता ठळक अक्षरांत. सुरुवातीला भरायची रक्कम, छत्तीस महिन्यांची मुदत आणि वर्षाकाठी दहा किंवा बारा हजार मैलांची मर्यादा तळाशी, भिंग लावून वाचावी अशी. भोळे गिऱ्हाईक हप्ता बघते, जाणते गिऱ्हाईक दर विचारते, आणि दर कमी आहे असे कळले की सौदा साधला म्हणून निर्धास्त होते. या धंद्याचा ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास मात्र वेगळ्याच आकड्याकडे बोट दाखवतो. लीजच्या सौद्यात सर्वांत वजनदार असतो तो मुदत संपताना गाडीची किंमत किती उरेल याचा अंदाज. दर हा पैशाचा आजचा भाव; चार ठिकाणी चौकशी केली की तो कळतो. शिल्लक किमतीचा अंदाज उद्याचा असतो. तो कुणी बांधला, कशासाठी बांधला आणि चुकल्यावर भुर्दंड कुणी भरला, यावरच या धंद्यातली जवळजवळ प्रत्येक मोठी उलथापालथ झाली आहे. हायब्रिड गाडीने तर या अंदाजाला दोन्ही बाजूंनी तोंडघशी पाडले.

सुरुवात खासगी गिऱ्हाइकापासून झालीच नाही. १९३९ मध्ये शिकागोतला शेव्हरोले गाड्यांचा विक्रेता झॉली फ्रँक याने कंपन्यांना त्यांच्या फिरत्या विक्री-प्रतिनिधींसाठी गाड्या विकण्याऐवजी लांब मुदतीने भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकेतल्या या व्यवसायाचा उगम सहसा तिथेच धरला जातो. कंपनीला गाड्यांत भांडवल अडकवायचे नव्हते आणि जुन्या गाड्या विकायची कटकटही नको होती. खंडाने दिलेली जमीन मुदतीनंतर होती तशी परत मिळते, गाडी मात्र झिजून परत येते. म्हणून लीजच्या भाड्यात दोन गोष्टी मिसळाव्या लागतात, गाडीचा घसारा आणि गुंतलेल्या पैशाचे व्याज. कंपन्यांशी व्यवहार करताना घसारा किती धरायचा यावरून फारसे वाद होत नसत. गाडी विकून जे येईल त्याचा हिशेब शेवटी दोघे मिळून चुकता करत, आणि डझनावारी गाड्या असल्या की एकीतला तोटा दुसरीच्या नफ्यात जिरून जाई. हीच रीत पुढे एकेका कुटुंबाला लावली गेली तेव्हा घोळ झाला.

घोळ असा की हिशेब खुला ठेवणाऱ्या करारात गाडीची शेवटची किंमत मुद्दाम चढी लिहिली की हप्ता आपोआप खाली येतो. गिऱ्हाईक खूश होऊन सही करते. दोन-तीन वर्षांनी गाडी अंदाजापेक्षा हजार-दीड हजार डॉलर कमी किमतीला विकली जाते आणि फरकाचे बिल घरी येते. १९७६ च्या ग्राहक लीज कायद्याने या प्रकाराला लगाम घातला. अशा करारात गिऱ्हाइकाकडून शेवटी वसूल करायचा फरक साधारणपणे तीन मासिक हप्त्यांपेक्षा जास्त असू नये, जास्त मागायचा असेल तर अंदाज वाजवी होता हे गाडी लीजवर देणाऱ्याने सिद्ध करावे, असे ठरले. अमेरिकी संसदेने तेव्हा दराला हात लावला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कायदा करणाऱ्यांना लबाडीची जागा बरोबर सापडली होती. त्यानंतर धंदा हळूहळू बंद हिशेबाच्या कराराकडे वळला: ठरलेले मैल चालवा, गाडी धड परत करा आणि मोकळे व्हा, किंमत कमी भरली तर तो देणाऱ्याचा प्रश्न. १९८६ च्या कर-सुधारणेने खासगी कर्जाच्या व्याजावरची करसवलत टप्प्याटप्प्याने काढून घेतली, त्यामुळे कर्जाने गाडी घेण्याचे एक आकर्षण गेले आणि नव्वदच्या दशकात लीजला बहर आला.

त्याच दशकात फेडरल रिझर्व्हने लीजचा कागद कसा असावा याचे नियम नव्याने लिहिले. १ जानेवारी १९९८ पासून ते सक्तीचे झाले. तो कागद जवळून पाहण्यासारखा आहे. वर गाडीची कबूल केलेली किंमत. तिच्यातून आगाऊ रक्कम वजा. त्यातून मुदतअखेरची शिल्लक किंमत वजा. जे उरले तो घसारा. त्यात भाडे-आकार, म्हणजे गुंतलेल्या पैशाचे व्याज, मिळवायचा. बेरजेला महिन्यांनी भागायचे. मुदतीआधी करार मोडला तर हजारो डॉलरचा फटका बसू शकतो, ही ताकीदही छापलेली असते. इतके सगळे सांगणाऱ्या कागदावर दर सांगायची मात्र सक्ती नाही. उलट कुणी टक्केवारी छापलीच तर या टक्केवारीतून लीजचा पूर्ण खर्च कळेलच असे नाही, अशा अर्थाची सूचना सोबत द्यावी लागते, आणि तिला वार्षिक लीज-दर म्हणायला बंदी आहे. गिऱ्हाइकाच्या हिताचे म्हणून हे समर्थनीय आहे का? मला ते अर्धेच पटते. दर लपला की विक्रेत्याला त्यात आपला वाटा घुसडायला मोकळे रान मिळते, आणि तो वाटा घुसडला जातो हे या धंद्यातले उघड गुपित आहे.

तेव्हा दर बिनमहत्त्वाचा, असे म्हणायचे नाही. शोरूममध्ये तो ‘मनी फॅक्टर’ या वेषात वावरतो: ०.००२० असा काहीतरी चिमुकला अपूर्णांक. त्याला २४०० ने गुणले की अंदाजे वार्षिक टक्केवारी मिळते, इथे ४.८ टक्के. २४०० ही जादू नव्हे. सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांची सरासरी काढायला दोन, वर्षाचे महिने बारा आणि टक्क्यांचे शंभर, यांचा तो गुणाकार. आता ३६,००० डॉलरची एक हायब्रिड गाडी घेऊ. छत्तीस महिन्यांनी तिची किंमत साठ टक्के, म्हणजे २१,६०० उरेल असे धरले, तर महिन्याचा घसारा ४०० डॉलर आणि दोन्ही किमतींच्या बेरजेला फॅक्टरने गुणून येणारे भाडे सुमारे ११५ डॉलर. विक्रेत्याने फॅक्टर ०.००२५ केला, म्हणजे दर सहा टक्क्यांवर नेला, तर हप्ता २९ डॉलरने वाढतो. दर तोच ठेवून शिल्लक किंमत साठऐवजी पंचावन्न टक्के धरली तर तो ४६ डॉलरने वाढतो. दरात १.२ टक्क्यांची चढ गिऱ्हाइकाला टोचते, आरडाओरड होते. शिल्लक किमतीतले पाच टक्के कुणी बघतही नाही. आणि जुन्या गाड्यांच्या बाजाराने पाच टक्क्यांहून कितीतरी मोठे हेलकावे खाल्ले आहेत.

हायब्रिड गाडी बाजारात आली तेव्हा हा अंदाज बांधणाऱ्यांची पंचाईत होती. जुन्या किमतींवरून पुढच्या किमती सांगणे हे त्यांचे काम. ‘ऑटोमोटिव्ह लीज गाइड’सारखी प्रकाशने १९६४ पासून तेच करत आलेली. टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये आली आणि अमेरिकेत २००० मध्ये. त्याआधी १९९९ च्या अखेरीस होंडाची इनसाइट अमेरिकी बाजारात उतरली होती. या गाड्यांना भूतकाळच नव्हता. निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी आठ-दहा वर्षे टिकेल का, मेली तर नवी बसवायला किती पडेल, आणि ही धास्ती घेऊन जुनी गाडी विकत घेणार कोण, याचे उत्तर लिलावाच्या नोंदीत सापडणार नव्हते. टोयोटाने बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख मैलांची हमी दिली, ती या शंकेवरच. जनरल मोटर्सने तर ईव्ही-१ ही विजेची गाडी १९९६ पासून फक्त लीजवरच दिली आणि मुदतीनंतर विकत घ्यायचा पर्यायच ठेवला नाही. २००३ मध्ये कार्यक्रम गुंडाळून त्यातल्या बहुतेक गाड्या चिरडल्या. शिल्लक किमतीचा प्रश्न सोडवायची ही एक तऱ्हा झाली.

प्रत्यक्षात २००८ मध्ये चक्र उलटे फिरले. त्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले. मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप ट्रकच्या जुन्या बाजारातल्या किमती कोसळल्या, आणि जिच्या बॅटरीची धास्ती होती त्या प्रियसला वापरलेली असूनही जवळपास नव्याइतका भाव येऊ लागला. ज्या गाड्यांचा इतिहास वर्षानुवर्षे नोंदलेला होता, त्यांचाच अंदाज सपशेल चुकला. फोर्डच्या वित्तकंपनीने लीजवरच्या गाड्यांचे मूल्य एका तिमाहीत २.१ अब्ज डॉलरने खाली लिहिले. जनरल मोटर्सच्या गाड्यांना वित्तपुरवठा करणाऱ्या जीएमएसीने त्याच तिमाहीत सत्तर कोटी डॉलरहून अधिक. क्रायसलरच्या वित्तकंपनीने १ ऑगस्टपासून लीज देणेच थांबवले. वर्ष संपेपर्यंत पेट्रोल पुन्हा दोन डॉलरच्या खाली आले होते, म्हणजे हायब्रिडचा चढलेला भावही कायमचा नव्हता. या पडझडीत व्याजदराचा वाटा नगण्य होता. दर ठीकच होते. शेवटची किंमत चुकली होती.

यावर एक रास्त आक्षेप असा की बंद हिशेबाच्या करारात हा तोटा देणाऱ्याचा, मग गिऱ्हाइकाने त्याची फिकीर का करावी? चढा अंदाज म्हणजे हलका हप्ता. चुकला तर वित्तकंपनी बघून घेईल. एका मर्यादेपर्यंत हे खरे आहे, आणि २००८ मध्ये ज्यांनी ट्रकच्या किल्ल्या मुकाट्याने परत केल्या त्यांचे भलेच झाले. पण हात पोळलेली कंपनी पुढच्या गिऱ्हाइकाला लीज देतच नाही किंवा अंदाज दाबून देते, आणि मागच्याचा तोटा पुढच्याच्या हप्त्यात उतरतो. शिवाय चढ्या अंदाजाच्या गाडीतून मधेच बाहेर पडणे महागात जाते, कारण हिशेबात उरलेली रक्कम बाजारभावापेक्षा जास्त असते. आणि अंदाज खालचा असेल तर हप्ता जड, पण मुदतीनंतर त्याच किमतीला गाडी घेण्याचा हक्क मोलाचा ठरतो. हे २०२१-२२ मध्ये दिसले. चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, जुन्यांचे भाव चढले, आणि तीन वर्षांपूर्वी कागदावर लिहिलेली किंमत बाजारापेक्षा हजारो डॉलरने कमी निघाली. तेव्हा काही वित्तकंपन्यांनी गाडी परस्पर दुसऱ्या विक्रेत्याला विकायची वाट बंद करून टाकली. अंदाज कंपनीच्या अंगावर उलटला तर तोटा तिचा, गिऱ्हाइकाच्या फायद्याचा निघाला तर त्यात अडथळे. वित्तकंपनीची निष्पक्षता इथवरच असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हायब्रिडची किंमत बाजार ठरवतच नाही, सरकार ठरवते. यात बरेच तथ्य आहे. कॅलिफोर्नियाने २००५ पासून ठरावीक हायब्रिड गाड्यांना पिवळी स्टिकरे दिली, ती लावली की एकट्या चालकालाही जादा प्रवाशांसाठी राखलेल्या मार्गिकेतून जाता येई. एकूण ८५,००० स्टिकरे, आणि ती चालकाला नव्हे तर गाडीला; त्यामुळे स्टिकरवाली जुनी प्रियस बिनस्टिकरवालीपेक्षा महाग विकली जाई. १ जुलै २०११ ला स्टिकरांची मुदत संपली आणि किमतीचा तो भाग एका रात्रीत गळून पडला. २००५ च्या ऊर्जा कायद्याने हायब्रिड घेणाऱ्याला आयकरात सूट दिली, प्रियसला ३,१५० डॉलर. पण एका उत्पादकाच्या साठ हजार गाड्या विकल्या गेल्या की ती ओसरू लागे, आणि लीजवर ती गाडीच्या मालकाला, म्हणजे वित्तकंपनीला मिळे. तिने ती हप्त्यात उतरवली तर ठीक, खिशात घातली तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. २०२२ च्या कायद्यात हीच फट मोठी झाली: प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड विकत घेतली तर तिची जुळणी कुठे झाली, बॅटरीतली खनिजे कुठली, याच्या अटी, लीजवर दिली तर ती ‘व्यावसायिक’ गाडी ठरून त्या अटींतून सुटका, आणि सवलत ७,५०० डॉलरपर्यंत. साध्या, प्लग नसलेल्या हायब्रिडला यातले काहीच नव्हते. मात्र सरकारच्या हाताने माझे म्हणणे खोडले जात नाही. सवलत आज नव्या गाडीला मिळाली की उद्याच्या जुन्या गाडीची किंमतही त्या प्रमाणात खाली ओढली जाते, आणि अंदाज बांधणाऱ्याला तेही धरावे लागते.

साध्या हायब्रिडच्या बाबतीत हिशेब त्यामुळेच स्वच्छ आहे. त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा ती दोन हजार डॉलरने महाग असली आणि त्यातले दीड हजार तीन वर्षांनी टिकले, तर घसारा-व्याज मिळून महिन्याला वीसेक डॉलर जास्त पडतात. काहीच टिकले नाही तर साठेक. वाचलेल्या पेट्रोलशी तुलना करायची ती या दोन आकड्यांपैकी कुठला खरा ठरेल ते पाहून. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून मिळणारी लीजची गाडी या तर्कात नीट बसत नाही: तिथे सारा खेळ पगारावरच्या कराचा, गाडी बहुधा शेवटी कर्मचारीच घेतो, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला वाहनकरही जास्त लागतो.

अमेरिकेत लीजवाली ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. तिच्या जोरावर २०२३ आणि २०२४ मध्ये सह्या झालेल्या छत्तीस महिन्यांच्या करारांतल्या प्लग-इन हायब्रिड २०२६ आणि २०२७ मध्ये परत येणार, आणि लिलावात त्यांना साध्या हायब्रिडच्या शेजारी उभे राहावे लागेल. त्यांच्या कागदावरची शेवटची किंमत सवलत चालू असताना लिहिलेली आहे.