अश्वपृष्ठावरील भावंडे

विष्णुपंत छत्रे यांचे नाव आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांस नव्याने सांगावयास नको. कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली, तिच्यातील घोड्यांची कामे पाहून हा अश्वविद्येतला जाणता पुरुष ईर्ष्येस पेटला आणि १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या सर्कशीचा भार बंधू काशिनाथपंतांनीही वाहिला. लोकांच्या ओठी नाव राहिले ते मात्र विष्णुपंतांचे. आम्हांस यावरून नेहमी एक कुतूहल वाटत आले. पाश्चात्त्य सर्कशीतही घोड्यावर उभे राहून कसरती करणारी मंडळी पुष्कळदा एकाच घरची भावंडे असत, ते का?

उत्तर रिंगणातच आहे. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या माजी घोडेस्वाराने गोलाकार मैदानात खेळ आरंभिले. पुढे रूढ झालेल्या रिंगणाचा व्यास ४२ फूट. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडू लागला की आत किंचित झुकलेला स्वार त्याच्या उघड्या पाठीवर उभा राहू शकतो. पाय घसरू नये म्हणून त्या पाठीवर राळ चोळतात. राळेची पूड दिसू नये म्हणून घोडेही शक्यतो पांढरे वा करडे निवडतात. येथवर एकट्याचे काम झाले. परंतु त्याच पाठीवर दुसरा कोणी धावत येऊन उडी घेणार असेल, तर ते ओझे कोणत्या क्षणी पडणार हे पहिल्याला अंगानेच कळावे लागते. एकाच अंगणात पडत-उठत वाढलेल्यांस ते साधते. परक्याच्या भरवशावर मान कोण टाकील?

हॅनेफर्ड कुटुंबाचे उदाहरण आम्हांस विशेष प्रिय आहे. इंग्लंड-आयर्लंडकडील हे सर्कसवाले घराणे १९१५ साली बार्नम अँड बेली सर्कशीत खेळ करण्यासाठी अमेरिकेत गेले. एडविन, लिझी आणि जॉर्ज ही भावंडे घोड्यांवर असत, आणि रिंगणाच्या मध्यभागी उंची पोशाखात त्यांच्या मातोश्री एलिझाबेथ उभ्या राहून खेळाची सूत्रे हाती ठेवीत. घर सुटले होते. पण घरातली माणसे एका रिंगणात होती. परमुलखात राहणाऱ्या आपणांस याचे मोल निराळे सांगावयास नको.

एडविनला सारे जग ‘पूडल्स’ म्हणून ओळखे. अंगात लांब केसाळ कोट घालून तो गबाळ्यासारखा घोड्यावर चढे, घसरे, लोंबकळे, पुन्हा चढे. मग दौडत्या घोड्याच्या पाठीवरून, जणू पुढे जमीनच आहे अशा बेफिकिरीने, सरळ हवेत पाऊल टाकून खाली उतरे. प्रेक्षक हसून लोटपोट होत. हे पडणे म्हणजे अस्सल स्वारीच होय. पडण्याची वेळ ज्याला नेमकी ठाऊक तोच असे पडू शकतो. तरी एक गोष्ट विसरता कामा नये. लिझी आणि जॉर्ज यांच्या डौलदार, अचूक स्वारीमुळेच पूडल्सचा गोंधळ गोंधळ म्हणून उठून दिसे. सगळेच घसरू लागले तर हसणार कोण? मूकपटांचा पडदाही पूडल्सला लाभला. भावंडांस ते भाग्य तितकेसे आले नाही.

पुढे जॉर्जने आपल्या कुटुंबाचा स्वतंत्र खेळ उभारला. त्याची मुले टॉमी, जॉर्ज धाकटा आणि के फ्रान्सिस ही पुन्हा एकत्र घोड्यांवर उभी राहिली. पूडल्स १९६७ साली वारला. त्याची ती विदूषकी स्वारी उचलली ती पुतण्या टॉमीने. आणि सरळ, डौलदार स्वारीचे काम पुन्हा त्याच्या भावंडांकडे आले.