बिघाड नव्हे, घडण

शिकल्यासवरल्या मंडळींत एक समज पक्का बसला आहे. व्याकरण विद्वानांनी घडवले आणि बोलणाऱ्यांनी ते बिघडवले, असा तो समज. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये व्याकरण लिहून मराठीची घडी बसवून दिली; खेड्यापाड्यांतल्या तोंडांनी ती विस्कटली. याच समजाचे दुसरे टोक असे की, बहिऱ्या माणसांच्या खुणा म्हणजे नुसते हातवारे, त्यांना व्याकरण कुठले? ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि पहिल्याचे खंडन करायला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या बाहेर जावे लागत नाही.

पूर्वपक्षाला आधार मोठा आहे. शुद्ध शब्द एक आणि अपभ्रंश अनेक, असे पतंजलीने महाभाष्यात सांगितले. ‘गौः’ या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश त्याने मोजून दाखवले. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी तो असेही म्हणतो की, घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो, बोलायचे आहे तेव्हा शब्द करून द्या म्हणून वैयाकरणाच्या घरी कुणी जात नाही. शब्द वैयाकरण घडवत नाही, हे पतंजलीलाच मान्य होते. मग व्याकरणाची रूपे तरी कुठून येतात?

शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, नगर जिल्ह्यातल्याच प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यात ‘म्हणौनि’ हा शब्द पावलोपावली भेटतो. मुळात ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचे साधे रूप: बोलून, असे सांगून. पण ज्ञानेश्वरीतच ते बहुतेक ठिकाणी ‘या कारणाने’ एवढेच सांगते. आज आपण म्हणतो, ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली.’ इथे कुणी काही म्हटलेले नाही. ‘गणपत म्हणून एक शेतकरी होता’ यात नाव जोडायला तोच शब्द. ‘येतो म्हणून सांग’ यात दुसऱ्याचे बोलणे पोचवायलाही तोच. बोलण्याची क्रिया झिजत गेली आणि तिच्या जागी कारण, नाव, निरोप जोडणारा सांधा तयार झाला. झिजण्यात काही हरवले हे खरे, पण जे मिळाले त्याच्यावाचून मराठीत दोन वाक्ये धड जोडता येणार नाहीत.

यावर कुणी म्हणेल की ही मराठीची एकटीची लकब आहे. पण तेलुगूतला ‘अनि’, कन्नडमधला ‘एंदु’, बंगालीतला ‘बोले’ हे सगळे ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंतूनच निघाले आहेत. शेजाऱ्यांनी एकमेकांचे उचलले असेल, ही शंका रास्त आहे. पण पश्चिम आफ्रिकेत घाना-टोगोकडे बोलल्या जाणाऱ्या एवे भाषेतही ‘म्हणणे’ या अर्थाचा ‘बे’ असाच जोडशब्द झाला आहे, आणि तिचा आपला कधी संबंध आला नाही. स्वतंत्र शब्दाने व्याकरणाचे काम पत्करणे या घडामोडीला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी 1912 मध्ये नाव दिले. दामल्यांचे व्याकरण त्याच्या वर्षभर आधीचे.

शरीरसुद्धा व्याकरणात शिरते. ‘त्यापोटी पैसे दिले’, ‘पाठोपाठ आला’, ‘माझ्या हातून चूक झाली’: यांतले पोट, पाठ, हात आता अवयव राहिलेले नाहीत. ‘कड’ म्हणजे बाजू, तिचेच ‘माझ्याकडे’ झाले. ‘गेला आहे’चे ‘गेलाय’ तर आपल्या डोळ्यांदेखत एकजीव होत आहे आणि पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांच्या तोंडी ते कुणाला खटकत नाही.

खटकते ते कोपरगाव-संगमनेरकडचे ‘काय करू राह्यला?’ हे. ते हिंदीचे अनुकरण, ते अशुद्ध, असे शेरे मुलांना ऐकावे लागतात. हिंदीचा शेजार मी नाकारत नाही. पण ‘राहणे’ हे ठिकाणी टिकून असण्याचे क्रियापद, आणि अशा क्रियापदांतून चालू क्रियेचे रूप निघणे ही जगभरची वाट आहे. लॅटिनमधल्या ‘उभे राहणे’ या क्रियापदातून स्पॅनिशचे ‘एस्तार’ निघाले आणि आज चालू काळ तेच दाखवते. प्रमाण मराठीतही ‘बोलत राहिला’ आहेच. शिवाय हे रूप बेशिस्त नाही: तो करू राह्यला, ती करू राह्यली, ते करू राह्यले. लिंगवचनाचा मेळ चुकला तर तिथले पोरही हसेल. नियमाचा भंग ओळखता येतो, तिथे नियम असतोच.

आता खुणांकडे. मुंबईत 1885 मध्ये बहिऱ्या मुलांसाठी भारतातली पहिली शाळा निघाली, आणि पुढे कितीतरी शाळांत मुलांना हात वापरू न देता ओठांवरून वाचायला लावणे हीच शिस्त ठरली. खुणांना भाषा न मानण्याचा हा परिणाम. विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये अमेरिकेतल्या खुणांची शास्त्रशुद्ध मांडणी दाखवली, तरी समज हलला नाही.

भारतीय सांकेतिक भाषेत ‘कुठे’, ‘काय’ ही प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते: ‘तू जाणे कुठे’. मराठीत आणि हिंदीत असा शब्द सहसा क्रियापदाच्या आधी असतो, तेव्हा ही रचना बोलणाऱ्यांची नक्कल असूच शकत नाही. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना आपणही भुवया उंचावतो, पण ती आपली मर्जी. सांकेतिक भाषेत उंचावलेल्या भुवया प्रश्न असल्याची खूण आहेत. त्या नसतील तर तेच वाक्य विधान होते. बोटाने दाखवणे हे तिथे सर्वनाम आहे. हावभाव होता, तो नियम झाला.

निकाराग्वात 1977 नंतर बहिरी मुले पहिल्यांदा एका शाळेत एकत्र आली. त्यांना सांकेतिक भाषा कुणी शिकवली नव्हती. घरच्या खुणा घेऊन आलेल्या त्या मुलांत नवी भाषा उभी राहिली, आणि पाठोपाठ आलेल्या लहानग्यांनी तिला अधिक काटेकोर केले. तिथे वैयाकरण नव्हता, मुले होती.

नगर जिल्ह्यातल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रमाण भाषा शिकवाच, तिच्यावाचून मुलांचे अडेल. पण वहीत ‘करू राह्यला’ दिसले तर त्यावर ‘अशुद्ध’ लिहू नका, ‘बोलीतले रूप’ लिहा, आणि वर्गात त्याचे तिन्ही लिंगांत रूप चालवून घ्या. आणि तुमच्या शाळेत बहिरे मूल आले, तर त्याचे हात बांधून ठेवू नका.