जेरुसलेमचा खटला, लाहोरची माणसं

4 जुलै 1947, शुक्रवार. जेरुसलेमच्या वायएमसीएच्या दारात ब्रिटिश शिपाई तुमचे खिसे चाचपतो, पास उलटसुलट करून बघतो आणि मानेनंच आत जा म्हणतो. आत शिरण्याआधी रस्त्यापलीकडे नजर टाका. ते किंग डेव्हिड हॉटेल. गेल्या वर्षी 22 जुलैला इर्गुन या ज्यू भूमिगत संघटनेच्या माणसांनी दुधाच्या कॅनमधून स्फोटकं आत नेली आणि हॉटेलची दक्षिणेकडची बाजू जमीनदोस्त केली. 91 माणसं मेली. त्यांत अरब होते, ब्रिटिश होते, ज्यूही होते. शहरात जागोजाग काटेरी तारांची भेंडोळी पडली आहेत, आणि इंग्रज अधिकारी त्या तारांच्या आत राहतात. राज्यकर्तेच कुंपणात बसलेले दिसले की राज्य किती दिवसांचं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

आत अकरा माणसं बसली आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाची ही पॅलेस्टाइन समिती. तिच्यात मुद्दामच एकही बडं राष्ट्र नाही. अध्यक्ष स्वीडनचे न्यायमूर्ती एमिल सँडस्ट्रॉम. बाकी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पेरू, ग्वाटेमाला, उरुग्वे, नेदरलँड्स, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, इराण. आणि भारत. सचिवांच्या बाजूला बसून भराभर टिपणं काढणारा कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणजे राल्फ बंच; त्यांना तीन वर्षांनी शांततेचं नोबेल मिळणार आहे. तुम्हाला फक्त ऐकायची मुभा आहे, बोलायची नाही. रोज रात्री टीव्हीवर एकमेकांवर ओरडणारे आठ चौकोन बघायची सवय असेल, तर हे जरा जड जाईल.

साक्षीला उभे आहेत डेव्हिड बेन-गुरियन, पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्या वतीनं बोलणाऱ्या ज्यू एजन्सीचे प्रमुख. ठेंगणा माणूस, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस पिंजारलेले. ते तासन्‌तास बोलतात. दोन हजार वर्षांचा इतिहास, 1917 चा बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं ब्रिटिश वचन), 1939 ची ब्रिटिश श्वेतपत्रिका (तिनं पाच वर्षांत फक्त 75 हजार ज्यूंना येऊ द्यायचं ठरवलं, आणि नेमक्या त्याच वर्षांत युरोपात गॅस चेंबर चालले), युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी जर्मनीतल्या छावण्यांत खितपत पडलेली माणसं. मागे ज्यू एजन्सीची मंडळी नकाशे, तक्ते आणि छापील पुस्तकं घेऊन तयार बसली आहेत. जमिनीचा पोत, पाण्याचं गणित, कारखाने, किती माणसं इथे मावतील, सगळं बांधून आणलं आहे. खटला कसा लढवावा याचा हा वस्तुपाठ आहे, मग निकाल तुम्हाला पटो न पटो.

दुसऱ्या बाजूला कोणीच नाही.

पॅलेस्टिनी अरबांचं नेतृत्व करणाऱ्या अरब हायर कमिटीनं बहिष्कार टाकला आहे. समितीनं पाऊल ठेवलं त्याच दिवसांत अरब वस्त्यांत हरताळ झाला. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावतं: पॅलेस्टाइनमध्ये सुमारे 12 लाख अरब आणि 6 लाख ज्यू, मग घर कोणाचं हे घरात राहणाऱ्या बहुसंख्यांनी अकरा परक्यांपुढे का सिद्ध करायचं? युरोपच्या पापाचं प्रायश्चित्त जाफाच्या बागाईतदारानं का घ्यायचं? प्रश्न बिनतोड आहे. पण तो या सभागृहात विचारला जात नाही, बाहेर भिंतीवर चिकटलेल्या पत्रकात राहतो. दहा वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी याच प्रश्नावर नेमलेल्या पील आयोगापुढेही त्यांनी आधी बहिष्कार टाकला होता आणि अगदी शेवटी साक्ष दिली होती. माझ्या मते हा न्याय्य राग होता आणि वकिलीच्या दृष्टीनं घोडचूक होती. रिकामी खुर्ची स्वाभिमानी दिसते, पण साक्षीच्या इतिवृत्तात तिच्या नावावर एक ओळही चढत नाही.

मात्र तुम्ही टेबलाच्या त्या टोकाला बघा. भारताचे प्रतिनिधी, सर अब्दुर रहमान, लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती. सोमवारी, 7 तारखेला, ते बेन-गुरियनना प्रश्न विचारू लागतात आणि सभागृहाचं कोर्ट होतं. मँडेटचा, म्हणजे ब्रिटनला मिळालेल्या पॅलेस्टाइनच्या कारभाराचा, कायदेशीर पाया कोणता, बाल्फोरचं वचन कोणी दिलं, कोणाच्या मालकीचं दिलं, ज्यांच्या जमिनीबद्दल दिलं त्यांना विचारलं होतं का? बेन-गुरियन हटत नाहीत, रहमानही हटत नाहीत. गॅलरीतली ज्यू मंडळी कुजबुजतात की हा न्यायाधीश नाही, अरबांचा वकील आहे. रिकाम्या खुर्चीची वकिली तो करत असेलही. पण तुम्ही भारतातून आला आहात, म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. एक महिन्यापूर्वी, 3 जूनला, दिल्लीत माउंटबॅटननी फाळणीची योजना जाहीर केली. पंजाब चिरला जाणार हे ठरलं आहे, रेघ कुठून जाणार हे ठरलेलं नाही. जेरुसलेममध्ये दुसऱ्याच्या देशाची फाळणी नको म्हणून उलटतपासणी घेणाऱ्या या माणसाचं स्वतःचं शहर कोणत्या देशात जाईल, हे त्याला ठाऊक नाही.

हा धागा हातातून सोडू नका.

इथेच थांबलात तर 8 तारखेला ज्यू चळवळीचे ज्येष्ठ पुढारी खाइम वाइझमान ऐकायला मिळतील: डोळ्यांनी अधू, थकलेले, आणि फाळणीचा तोडगा उघडपणे मांडणारे. 14 तारखेला हिब्रू विद्यापीठाचे अध्यक्ष जूडा मॅग्नेस येतील आणि सांगतील की दोन राज्यं नकोत, दोन्ही लोकांचं मिळून एक राज्य करा. त्यांच्यामागे मूठभर माणसं आहेत. ज्यू पुढाऱ्यांना ते भोळे वाटतात, आणि अरबांकडून त्यांना जोडीदार मिळत नाही. मधल्या काळात, 11 जुलैला, दिल्लीत जवाहरलाल नेहरू आल्बर्ट आइन्स्टाइनच्या पत्राला उत्तर लिहीत आहेत. आइन्स्टाइननी ज्यूंच्या बाजूनं भारताचा पाठिंबा मागितला होता. नेहरू लांब, मनापासून लिहितात, ज्यूंच्या यातनांबद्दल कळवळतात, पण विचारतात की इतकं सगळं उभं केलं, मग अरबांचा सद्‌भाव का नाही मिळवता आला? शिवाय राष्ट्रांची धोरणं स्वार्थी असतात, हेही ते कबूल करतात.

18 जुलैला हैफा बंदरावर चला. ‘एक्झोडस 1947’ नावाची जुनी अमेरिकन बोट ब्रिटिश युद्धनौकांनी समुद्रात धडका मारून पकडून आणली आहे. लाकडी कठडे फुटलेले, बाजू चेपलेली. आत साडेचार हजार माणसं, बहुतेक नाझींच्या संहारातून वाचलेली. ती खाली उतरतात ती दुसऱ्या जहाजांवर चढण्यासाठी. त्यांना युरोपात परत पाठवायचा हुकूम आहे. जखमींना स्ट्रेचरवरून नेतात. एका बाईच्या हातातलं गाठोडं तपासायला शिपाई ओढतो, ती सोडत नाही, मग तो सोडतो. धक्क्यावर समितीचे दोघे उभे आहेत, सँडस्ट्रॉम आणि युगोस्लाव्हियाचे सिमिच. सगळं डोळ्यांनी बघत आहेत. वायएमसीएतल्या शंभर तक्त्यांनी जे झालं नसतं, ते या धक्क्यावर झालं असावं, असं मला वाटतं. अरब शेतकऱ्याचं पुढे काय होईल, हे दाखवणारं कुठलंही जहाज हैफाला लागलेलं नाही. ते अजून घडायचं आहे.

अरब राज्यांचं म्हणणं समिती 22 तारखेला लेबनॉनमध्ये ऐकते. तेही पॅलेस्टाइनचे अरब नाहीत, त्यांचे शेजारी. ज्यू बोलले तेव्हा समोर अरब नव्हते. अरब राज्यं बोलतात तेव्हा समोर ज्यू नाहीत. दोघेही अकरा पंचांना सांगतात. एकमेकांना कोणी काही सांगत नाही.

नेमक्या त्याच आठवड्यात लाहोरमध्ये दुसरी सुनावणी सुरू आहे. पंजाबच्या सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू मांडत आहेत सर मुहम्मद झफरुल्ला खान. कोणता तालुका इकडे, कोणता तिकडे, कालवा कोणाचा, वस्ती कोणाची. 17 ऑगस्टला आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांची रेघ जाहीर होते. लाहोर पाकिस्तानात. तेव्हा न्यायमूर्ती रहमान जिनिव्हात अहवाल लिहीत बसले आहेत, भारताचे प्रतिनिधी म्हणून. 31 ऑगस्टला सह्या होतात. सात जण म्हणतात, दोन राज्यं करा. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया म्हणतात, एक संघराज्य करा. ऑस्ट्रेलिया कोणत्याच योजनेला मत देत नाही. रहमान वेगळी टिप्पणीही जोडतात.

नोव्हेंबर. न्यूयॉर्कजवळचं लेक सक्सेस, युद्धात जायरोस्कोप बनवणारा कारखाना, आता संयुक्त राष्ट्रसंघाचं तात्पुरतं बिऱ्हाड. बोलायला उभे आहेत तेच झफरुल्ला खान, या वेळी पाकिस्तानच्या वतीनं. जुलैत ज्यांनी रेघ कुठे ओढावी यावर युक्तिवाद केला, ते नोव्हेंबरात रेघ ओढायचा हक्कच नाही म्हणतात. हसू नका. मुद्दे ऐका. एका देशातल्या बहुसंख्यांच्या संमतीशिवाय तो देश तोडायचा अधिकार आमसभेला आहे का? हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा, अशी त्यांच्या उपसमितीची मागणी. मतदान होतं: बाजूनं 20, विरोधात 21. एका मतानं प्रश्न कोर्टात जायचा राहून गेला. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त खुपणारा आकडा तो आहे. उत्तर काहीही आलं असतं. निदान प्रश्न कायद्याच्या दारात उभा राहिला असता.

मग फ्लशिंग मेडो. 1939 च्या जागतिक जत्रेसाठी बांधलेली इमारत, मधल्या काळात तिथे लोक बर्फावर स्केटिंग करत. आता तिथे 57 राष्ट्रं. 25 नोव्हेंबरला आमसभेच्या पॅलेस्टाइनविषयक तात्पुरत्या समितीत फाळणीला 25 मतं पडली आणि विरोधात 13. आमसभेत लागणाऱ्या दोन तृतीयांशाला एक कमी. 26 तारखेला फिलिपिन्सचे कार्लोस रोमुलो फाळणीविरुद्ध घणाघाती भाषण करतात. हैतीही विरोधात. त्या दिवशी मतदान झालं असतं तर ठराव पडला असता, म्हणून भाषणं लांबवली जातात. 27 ला थँक्सगिव्हिंगची सुट्टी. 28 ला फ्रान्स आणखी एक दिवस मागून घेतो. या तीन दिवसांत टेलिफोन आणि तारा अशा धावल्या की व्हाइट हाउसवर आलेल्या दडपणाबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमननी पुढे स्वतः तक्रार लिहून ठेवली.

29 नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ. शब्बाथ नुकताच उतरला आहे. लेबनॉनचे कामिल शमून शेवटच्या क्षणी संघराज्याचा प्रस्ताव पुढे करतात. आता फार उशीर झालेला. अमेरिका आणि रशिया, बाकी कशावरही एकमत नसलेले, मतदान घ्या म्हणतात. अध्यक्ष ब्राझीलचे ओस्वाल्दो अरान्या हजेरी घेतल्यासारखी नावं पुकारायला लावतात. अफगाणिस्तान: विरोध. अर्जेंटिना: तटस्थ. ऑस्ट्रेलिया: बाजूनं. फ्रान्सचं ‘वी’ येताच गॅलरी टाळ्यांनी फुटते आणि अरान्या हातोडी आपटतात. हैती: बाजूनं. फिलिपिन्स: बाजूनं. भारत: विरोध. ब्रिटन तटस्थ, म्हणजे आमच्यानं होत नाही आणि आम्ही राबवणारही नाही. बेरीज: 33 बाजूनं, 13 विरोधात, 10 तटस्थ, सयाम गैरहजर. अरब प्रतिनिधी उठून निघून जातात. जेरुसलेममध्ये मध्यरात्र उलटून गेली आहे. रेडिओला कान लावून बसलेले ज्यू रस्त्यावर येऊन नाचत आहेत आणि त्याच शहराच्या दुसऱ्या भागात दिवे बंद आहेत. मुंबईत पहाटेचे चार वाजले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात ‘शनवार तेली’ (शनिवारी घाणा बंद ठेवणारे) म्हणून ओळखले गेलेले आणि घरात मराठीच बोलणारे बेने इस्रायली ज्यू डोंगरीत झोपले आहेत. यातले हजारो लोक पुढच्या दोन दशकांत सामान बांधणार आहेत.

नकाशात ज्यू राज्याला सुमारे 55 टक्के जमीन मिळाली आणि त्या राज्यातली जवळपास निम्मी वस्ती अरबांची. ठराव राबवायला सैन्य कोणाचं, याचं उत्तर त्या कागदात नाही. दुसऱ्याच दिवशी गोळीबार सुरू होतो.

भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, कोकणातून गेलेल्या एका मराठी घराण्याच्या सून, पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल. पॅलेस्टाइनचे तुकडे करू नका, ही त्यांची बाजू. 19 डिसेंबरला दादरहून विनायक दामोदर सावरकर निवेदन काढतात: ज्यू राज्याचं स्वागत, भारताच्या मताचा निषेध, आणि वर टोला, की काल स्वतःचा देश तोडायला संमती देणारे आज पॅलेस्टाइनच्या अखंडतेसाठी गळा काढतात. दोन टोकांची माणसं, आणि दोघांच्या हातात दाखला एकच, आपल्या फाळणीचा.

दादर टीटीला ट्रामच्या थांब्यावर त्या संध्याकाळी दोघे पेपर उघडून भांडत आहेत. धोतर नेसलेला मास्तर म्हणतो, ज्यूंना मिळालं ते बरंच झालं. गांधी टोपीवाला म्हणतो, अहो, दुसऱ्याच्या घरात खोली मागायची आणि मालकाला बाहेर काढायचं, हा कुठला न्याय? तुम्ही मध्ये तोंड घालायला जाता, पण आवाज फुटत नाही. मास्तर कल्याणच्या छावणीत उतरलेल्या सिंध्यांची गोष्ट काढतो. टोपीवाला विचारतो, आणि दिल्लीत जे मारले गेले ते? ट्राम येते. दोघे चढतात, भांडण चालूच आहे, पण जेरुसलेम केव्हाच मागे पडलं आहे. आता विषय लाहोर आहे.