भाड्याचें वाहन आणि इंधनाचा हिशेब

वस्तु विकत घेतली म्हणजे तिचा व्यवहार एकदांच होतो. ती भाड्यानें घेतली म्हणजे दोनदां होतो : एकदां ती हातीं घेतांना आणि एकदां परत देतांना. या दोन क्षणांच्या मध्यें वस्तूंत जो फरक पडतो, त्यांतूनच बहुतेक तंटे निर्माण होतात. मुदतीच्या करारानें घेतलेली एक मोटार परत करून तिच्या जागीं दुसरी घ्यावयाची असली, म्हणजे तर हे दोन्ही व्यवहार एकाच दारांत आणि एकाच घटकेस उरकावे लागतात. जुन्या गाडीच्या टाकींत पेट्रोल किती उरलें, नव्या गाडीच्या टाकींत किती होतें, कमी पडलें त्याचे पैसे कोणत्या दरानें घ्यावयाचे, आणि अधिक राहिलें तें कोणाचें, हे प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांच्या मागें पावणेचार हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासांत कित्येकांच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी यानें इ. स. पूर्वीं अठराव्या शतकांत जे कायदे दगडावर कोरविले, त्यांत भाड्याच्या गाडीचे दोन निरनिराळे दर आढळतात. बैल, गाडी आणि हांकणारा अशीं तिन्ही घेतलीं तर दिवसाला १८० मापें धान्य द्यावयाचें. नुसती गाडी घेतली तर ४० मापें. म्हणजे ‘चालविण्याच्या साधनांसह’ आणि ‘साधनांवांचून’ असा जो भेद आजचे मोटार भाड्यानें देणारे करतात, तो त्या काळींही ठाऊक होता. भाड्याचा बैल रानांत सिंहानें मारला तर तोटा मालकाचा, आणि भाडेकऱ्याच्या निष्काळजीपणानें मेला तर बैलाच्या बदली बैल, असाही निवाडा तेथें दिलेला आहे. दैवाचा भार मालकावर आणि वापराचा भार वापरणारावर, हें या निवाड्यांतील सूत्र होय.

रोमन कायदेपंडितांनीं हेंच सूत्र रोजच्या खर्चास लावलें. दुसऱ्या शतकांतील गायस नांवाच्या पंडिताचें मत जस्टिनियन बादशहानें ५३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत समाविष्ट आहे. दुसऱ्याचा गुलाम कांहीं काळ कामास मागून आणला असतां, त्याच्या रोजच्या अन्नाचा खर्च स्वाभाविकपणेंच आणणारानें सोसावा. मात्र मोठ्या आजाराचा खर्च मालकाकडे जावा, असा त्याचा अभिप्राय आहे. माणसास मागून आणण्याची ती प्रथा निंद्यच होती. पण तिच्या हिशेबांतून निघालेला नियम पुढें घोड्याला लागू पडला आणि घोड्यावरून मोटारीला. पेट्रोल हें रोजचें अन्न, इंजिनाची मोडतोड हा मोठा आजार.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, मागून आणलेल्या आणि भाड्यानें आणलेल्या वस्तूंचा स्वतंत्र विचार केलेला आहे. ज्या स्थितींत वस्तु घेतली त्याच स्थितींत ती परत केली पाहिजे, असा तेथील दंडक आहे. आजच्या करारांतील ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ किंवा ‘जेवढी घेतली तेवढीच परत करा’ हीं कलमें म्हणजे याच दंडकाचीं नवीं रूपें आहेत.

मराठ्यांच्या लष्करांतील बारगीर आणि शिलेदार हा भेद सर्वांच्या परिचयाचा आहे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, तर बारगिरास सरकारी पागेंतून घोडा मिळे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत, पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद अशी पागेची व्यवस्था सांगितलेली आहे. सरकारचा घोडा, सरकारची चंदी आणि वापरणारा तिसराच, अशा व्यवस्थेंत उधळेपणास फार वाव असतो. शिवाजीमहाराजांनीं १६७० नंतरच्या दशकांत चिपळूणकडील लष्करी अधिकाऱ्यांस धाडलेलें पत्र याच धोक्यासंबंधीं आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेली वैरण व दाणा आधींच बेहिशेबी उडविला, तर ऐन पावसांत घोडीं उपाशीं मरतील. मग माणसें रयतेच्या घरांत शिरून दाणा, गवत, भाजीपाला उचलूं लागतील, असा स्पष्ट इशारा त्यांत दिलेला आहे. जळती वात उंदरानें ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीची सूचनाही त्यांत आहे. इंधनाचा हिशेब चुकला म्हणजे त्याचा भुर्दंड ज्याचा कांहींच संबंध नाहीं अशा गरिबास बसतो, हें त्या राज्यकर्त्यानें नेमकें ओळखलें होतें.

घोड्याच्या पोटांत चंदी किती शिल्लक आहे, हें मोजण्याची सोय नव्हती ; पण वाफेचीं जहाजें आलीं तेव्हां प्रश्न बदलला. कोळसा हा ढिगानें मोजतां येतो आणि त्याची किंमतही मोठी असते. मुदतीनें भाड्यास घेतलेलें जहाज ताब्यांत घेतांना त्याच्या कोठारांत शेंकडों टन कोळसा असावयाचा, आणि परत देतांना तितकाच कधीं नसावयाचा. यावर व्यापाऱ्यांनीं सरळ तोड काढली. जहाज घेतांना त्यांतील कोळसा भाडेकऱ्यानें विकत घ्यावा आणि जहाज परत करतांना उरलेला कोळसा मालकानें विकत घ्यावा, असें करारांतच लिहूं लागले. १९०९ चा ‘बाल्टाइम’ करारनामा आणि १९१३ सालीं न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंजनें काढलेला करारनामा, हे यांचे प्रसिद्ध नमुने होत. कोळशाच्या जागीं तेल आलें, तरी ही पद्धति टिकून आहे. येथें दंड नाहीं, उपकार नाहीं. जेवढें इंधन हातीं आलें तेवढ्याचे पैसे दिले आणि जेवढें हातीं ठेवलें तेवढ्याचे घेतले. न्यायाच्या दृष्टीनें याहून निर्मळ व्यवस्था सांपडणें कठीण.

मोटारीच्या धंद्यांत मात्र असा निर्मळपणा आरंभीं नव्हता. १८९१ सालीं जर्मनींत ब्रून यानें भाडें मोजण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि १९०७ सालीं लंडनच्या भाड्याच्या मोटारींना तें सक्तीचें झालें. या मोटारी मोठमोठ्या कंपन्यांच्या असत आणि हांकणारे त्या रोज ताब्यांत घेत. गिऱ्हाइकाकडून घ्यावयाचा दर सरकारनें मैलास ८ पेन्स असा ठरविलेला होता. मिळकतीचा साधारण चौथा हिस्सा हांकणाराचा, पण पेट्रोल त्यानें पदरचें भरावयाचें आणि तें कंपनीकडूनच घ्यावयाचें, अशी रीत होती. १९१२ सालीं पेट्रोल महागलें. तेव्हां कंपन्यांनीं १ जानेवारी १९१३ पासून गॅलनचा दर ८ पेन्सांवरून १३ पेन्सांवर नेला.

या वाढीचा अर्थ साध्या त्रैराशिकानें कळतो. मैलास ८ पेन्स मिळाले तर हांकणाराच्या पदरांत २ पेन्स पडणार. म्हणजे गॅलनमागें वाढलेले ५ पेन्स भरून काढण्यासाठीं त्यास अडीच मैल गिऱ्हाईक घेऊन फुकट धांवावें लागणार. गिऱ्हाइकाचा दर वाढविण्याची त्यास मुभा नाहीं, पेट्रोल दुसरीकडून घेण्याची सोय नाहीं, आणि रिकाम्या फेऱ्यांचें पेट्रोलही त्याच्याच माथीं. बाजारभावाचा सगळा धक्का तिघांपैकीं सर्वांत दुबळ्या माणसावर ढकलला गेला. हजारों हांकणाऱ्यांनीं गाड्या बाहेर काढण्याचें नाकारलें आणि संप मार्चपर्यंत चालला. अखेर हांकणाऱ्यांचें म्हणणें कंपन्यांना मान्य करावें लागलें. इंधनाची किंमत कोणी भरावयाची, या एका प्रश्नावर जगांतील एका महानगराचे रस्ते अडीच महिने ओस पडावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढें स्वतःच हांकावयाची मोटार भाड्यानें देण्याचा धंदा अमेरिकेंत उदयास आला. ओमाहा शहरीं जो सॉन्डर्स यानें १९१६ सालीं आपली फोर्ड गाडी मैलास १० सेंट या दरानें देण्यास सुरुवात केली. शिकागो येथें वॉल्टर जेकब्स यानें १९१८ सालीं बारा फोर्ड गाड्यांवर असाच धंदा मांडला आणि १९२३ सालीं तो जॉन हर्ट्झ यास विकला. त्या फोर्ड गाडीची पेट्रोलची टाकी हांकणाराच्या बैठकीखालीं असे. बैठक उचलावी, टाकीचें झांकण काढावें आणि आंत लांकडी पट्टी बुडवून ती किती भिजली हें पाहावें, हेंच काय तें मोजमाप. कांट्याचें मापक फोर्डच्या १९२७ अखेरीच्या नव्या गाडींत आलें. मैल मोजणें सोपें आणि पेट्रोल मोजणें अवघड, म्हणून पुढें कित्येक वर्षें अमेरिकेंत मैलाच्या दरांतच पेट्रोल धरण्याचा प्रघात राहिला. गिऱ्हाइकानें वाटेंत पेट्रोल भरलें तर पावती दाखवून पैसे परत मिळत.

१९५८ सालीं लॉस एंजेलिस येथें मॉरिस मर्किन यानें दिवसाला ४ डॉलर आणि मैलास ४ सेंट असा स्वस्त दर काढला, आणि या धंद्यांत दरांची चढाओढ वाढली. पुढें ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाची निर्यात रोखली आणि अवघ्या कांहीं महिन्यांत पिंपाची किंमत सुमारें ३ डॉलरवरून ११ डॉलरच्या पुढें गेली. अशा स्थितींत पेट्रोल दरांत धरून गाडी देणें मालकांना परवडणारें नव्हतें. पेट्रोल भाड्यांतून वेगळें निघालें, आणि त्याबरोबरच गाडी परत करतेवेळच्या कांट्याला महत्त्व आलें.

तेव्हांपासून तीन रीती रूढ झाल्या आहेत. पहिली, भरलेली घेऊन भरलेली देण्याची. दुसरी, घेतली तेवढ्या पातळीवर परत करण्याची. तिसरी, भरलेल्या टाकीचे पैसे आधीं देऊन रिकामी परत करण्याची. तिसऱ्या रीतींत टाकी पुरती रिकामी करून आणणें कोणासही साधत नाहीं. उरलेलें पेट्रोल पैसे देऊनही मालकाकडेच राहतें. पहिल्या दोन रीतींत पातळी कमी भरली, तर पेट्रोलची किंमत आणि शिवाय भरण्याची मजुरी अशी दुहेरी आकारणी होते. ही मजुरी पुष्कळदां प्रत्यक्ष श्रमाच्या मानानें फार जास्त असते. युरोपांत याविषयीं इतक्या तक्रारी झाल्या कीं, २०१५ सालीं युरोपीय आयोगाच्या मध्यस्थीनें पांच मोठ्या कंपन्यांनीं इंधनाच्या व इतर अटी स्पष्ट करण्याचें मान्य केलें.

गाडीची अदलाबदल असेल तेथें आणखी एक फसगत संभवते. कांटा पातळी दाखवितो, लिटर दाखवीत नाहीं. जुनी गाडी ४० लिटरच्या टाकीची असून पाऊण भरलेली परत केली आणि नवी ६० लिटरच्या टाकीची असून अर्धीच भरलेली मिळाली, तर कांट्याकडे पाहणारास आपण बुडालों असें वाटेल. वास्तविक दोन्हींत पेट्रोल ३० लिटरच आहे, आणि कोणीं कोणास कांहीं देणें लागत नाहीं. उलट, दोन्ही कांटे अर्ध्यावर असतील तर मोठ्या टाकीच्या गाडींत १० लिटर जास्त आहेत, आणि ही गाडी परत करतांना तिची मोठी टाकी पुन्हां अर्धी भरून द्यावी लागणार. शिवाय कांटा हा टाकींत तरंगणाऱ्या बोंडावर चालतो. गाडी उतारावर उभी असली तर तो खोटें बोलतो, आणि कांट्याचा अष्टमांश म्हणजे ४० लिटरच्या टाकींत ५ लिटर, एवढी रक्कम नुसत्या नजरेच्या चुकीनें इकडची तिकडे होते.

म्हणूनच जहाजी व्यापाऱ्यांची रीत येथेंही उपयोगी पडण्यासारखी आहे. गाडी सपाट जागीं उभी करून दोघांच्या देखत पातळी पाहावी. ती दोन्ही गाड्यांच्या बाबतींत स्वतंत्रपणें टांचून ठेवावी. पातळीचे लिटर करावे. आणि जुन्या गाडींत जास्त राहिलेलें नव्या गाडींत कमी असलेल्याशीं वजा करून उरलेल्या फरकाचीच त्या दिवसाच्या दरानें आकारणी करावी. जास्तीचें सोडून द्यावयाचें आणि कमीचें मात्र दंडासह वसूल करावयाचें, हा हिशेब एका डोळ्याचा झाला.

विजेच्या मोटारी आल्यानें हा प्रश्न संपलेला नाहीं. आतां पेट्रोलच्या पातळीच्या जागीं बॅटरींतील शेंकडा प्रमाण आलें आहे. परंतु जुन्या झालेल्या बॅटरीचे शेंकडा ऐशीं आणि नव्या बॅटरीचे शेंकडा ऐशीं यांत सारखीच वीज नसते, हा जुनाच पेंच नव्या वेषांत उभा आहे. मुंबईंत आजही कित्येक टॅक्सीवाले दुसऱ्याची गाडी पाळीनें घेतात, मालकास ठरीव रक्कम देतात आणि इंधन पदरचें भरतात. पाळी संपतां संपतां टाकींत काय उरलें, यावर त्यांच्या दिवसाच्या कमाईचा कांहीं भाग अवलंबून असतो.

बैलाच्या चाऱ्यापासून विजेच्या बॅटरीपर्यंत वाहनें बदललीं, मापें बदललीं. वापरणारानें वापरलें तेवढें द्यावें आणि मालकानें दिलें तेवढेंच मागावें, हा नियम बदललेला नाहीं. तो जेथें पाळला गेला तेथें करारनामे शंभर शंभर वर्षें टिकले ; जेथें मोडला तेथें शहराची वाहतूक थांबली. टाकीच्या तळाशीं राहिलेलें चार लिटर पेट्रोल ही किरकोळ बाब खरी, परंतु दोन माणसांमधील विश्वास बहुधा अशाच किरकोळ बाबींवर मोजला जातो.